एकदा काढलेलं पुन्हा काढू नये

गेल्या आठवड्यात हापिसात एक नवीन मुलगा आला. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, डोळ्यांत चमक वगैरे. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "दादा, ऑटोकॅडमध्ये वेग कसा वाढवायचा? शॉर्टकटची यादी असेल तर द्या ना." यादी होतीच, दिली. एल म्हणजे लाइन, सीओ म्हणजे कॉपी, टीआर म्हणजे ट्रिम, एफ आठ दाबलं की रेघ सरळ, स्पेसबार दाबला की आधीची कमांड पुन्हा. पठ्ठ्या खूश होऊन गेला.

मला मात्र दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. कारण वेग हवा म्हणून मीही एकेकाळी अशीच यादी पाठ केली होती आणि त्या वेगानेच तोंडावर आपटलो होतो. म्हणून हा विकांत या विषयाला. जरा इतिहासात जाऊ, कारण ऑटोकॅडमधली जवळजवळ प्रत्येक 'टिप' ही कुणाच्या तरी जुन्या वैतागातून आलेली आहे. तो वैताग समजला की टिप पाठ करावी लागत नाही.

आधी माझी फजिती. मी मूळचा मेकॅनिकलवाला (आयटीत आलेले निम्मे लोक असतात तसा). तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका लहान कारखान्यात ड्रॉइंग काढायचं काम मिळालं. पाइपांची जोडणी, एकूण ३६ ड्रॉइंग्ज. जवळजवळ प्रत्येकात तोच तीन इंची फ्लँज, चार भोकांचा. मी एकदा काढला आणि मग कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट. बोटं अशी पळत होती की शेजारचा ऑपरेटर बघत बसायचा. शेवटच्या दिवशी निरोप आला, ग्राहकाला अमेरिकन पद्धतीचा फ्लँज नकोय, पीएन १६ हवाय. म्हणजे चार भोकांची आठ भोकं, आणि ज्या वर्तुळावर ती पाडायची त्याचा व्यास १५२.४ चा १६० मिलिमीटर. रात्रभर जागून ३६ फायली उघडल्या, एकेक फ्लँज पुसला, नवा काढला. सकाळी विजयी मुद्रेने घरी आलो. पंधरा दिवसांनी कळलं की दोन फायली राहून गेल्या होत्या आणि त्या दोन फ्लँजना जुन्याच मापाची भोकं पाडून झाली होती. मालक फार बोलले नाहीत. न बोलण्याचंच जास्त लागलं.

माझे बाबा आयटीआय केलेले ड्राफ्ट्समन. बोर्डावर ड्राफ्टर लावून, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने रेघा मारलेला माणूस. त्यांनी माझी एक फाइल उघडायला लावली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले, "अरे, तू ड्रॉइंग नाही केलंस, जीटी मारलीस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रीत सबमिशन तयार! इंजिनिअरिंगला गेलेल्या प्रत्येकाने हे पाप केलेलं असतं. पण गंमत अशी की जीटी हा आपल्या होस्टेलांचा शोध नाही. तो एकेकाळी चक्क पगारी धंदा होता.

नकाशा काढणाऱ्याचा मूळ नकाशा एकच. तो कारखान्यात न्यायचा, सुताराला द्यायचा, लोहाराला द्यायचा, म्हणजे प्रती हव्यात. प्रत हवी तर कुणीतरी बसून रेघेवर रेघ गिरवायची. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलने सायनोटाइपची रासायनिक प्रक्रिया शोधली. लोहाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद, त्यावर पारदर्शक मूळ प्रत, आणि ऊन. जिथे ऊन लागलं तिथे निळं, जिथे रेघ होती तिथे पांढरं. यालाच पुढे ब्लूप्रिंट म्हणू लागले. प्रत काढायला हात लागेना, पण मूळ ड्रॉइंग पारदर्शक कापडावर नाहीतर कागदावर उतरवायला अजून माणूस लागायचाच. ब्रिटनमधल्या जहाजांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत या 'ट्रेसर' बहुतेक बायका असत. दिवसभर दुसऱ्याच्या पेन्सिलीच्या रेघा शाईने गिरवायच्या. त्यांचा हात इतका स्वच्छ असायचा की ड्रॉइंगवरची शान त्यांची, आणि सही मात्र दुसऱ्याची. आपल्याकडे बाबांच्या काळात ब्लूप्रिंटच्या जागी अमोनिया प्रिंट आली होती. त्यांच्या कपड्यांना तो वास यायचा असं आई अजून सांगते.

म्हणजे शंभरेक वर्षं एकाच प्रश्नाभोवती सगळं फिरत होतं. एकदा काढलेलं पुन्हा काढावं लागू नये. पण ब्लूप्रिंटने सुटला तो अर्धाच प्रश्न. पूर्ण शीटची प्रत मिळाली, शीटच्या आतल्या गोष्टींचं काय? एका ड्रॉइंगमध्ये चाळीस बोल्ट असतील तर चाळीस वेळा काढा. स्टेन्सिल वापरा, काहीही करा, पण काढा. आणि बदल आला की ब्लेडने शाई खरवडा.

आता एमआयटी. साल १९६३. आयव्हन सदरलँड नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने पीएचडीचा प्रबंध सादर केला. त्याचे मार्गदर्शक होते क्लॉड शॅनन, तेच माहितीशास्त्रवाले. प्रबंधाचा विषय होता 'स्केचपॅड' हा प्रोग्राम. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या संगणकावर तो चालायचा. पडद्यावर प्रकाशाचं पेन टेकवून रेघा काढायच्या. माउस अजून बाजारात नाही, पंच कार्डांचा जमाना, आणि हा माणूस संगणकावर चित्र काढतोय!

पण चित्र काढता येणं ही त्यातली खरी गोष्ट नव्हतीच. खरी गोष्ट होती षट्कोनांची. सदरलँडने एक वाकडीतिकडी सहा बाजूंची आकृती काढली. मग संगणकाला सांगितलं, सगळे कोपरे या वर्तुळावर हवेत, आणि सगळ्या बाजू समान. झाला षट्कोन. मग तो षट्कोन 'मूळ' मानून त्याच्या प्रतिमा शेजारी शेजारी जोडत गेला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ९०० षट्कोनांचा पट तयार झाला. कसं करायचं याचा विचार धरून वेळ लागला साधारण अर्धा तास. हेच हाताने काढायला किती लागेल असं ड्राफ्टिंग विभागाला विचारलं, तर उत्तर आलं दोन दिवस.

इथपर्यंत वेग. पुढचं बघा. ९०० षट्कोन म्हणजे ९०० आकृत्या नव्हत्याच. आकृती एकच होती आणि बाकी सगळे तिच्याकडे बोट दाखवत होते. त्याने त्या मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळाकार आकृती केली, आणि सगळा पट माशाच्या खवल्यांसारखा झाला. प्रोग्रामिंगवाल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. क्लास आणि ऑब्जेक्ट! आपण दिवसभर ज्याच्या नावाने मीटिंगा घेतो, त्याचं एक बीज एका ड्राफ्टिंगच्या प्रोग्राममध्ये आहे.

सदरलँडने एक कबुलीही देऊन ठेवली आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की संगणकावर चित्र काढण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा चित्रापेक्षा जास्त काहीतरी हाती लागतं. नुसतं कागदावरचं पडद्यावर आणायचं असेल तर कागद काय वाईट? मी ३६ फायलींत जे केलं होतं ते नेमकं हेच. लाखाचं सॉफ्टवेअर वापरून काचेखालचा दिवा पेटवला होता.

ऑटोकॅडमध्ये सदरलँडचा षट्कोन म्हणजे 'ब्लॉक'. फ्लँज एकदा ब्लॉक करा, चाळीस ठिकाणी ठेवा. बदल आला की ब्लॉक एडिटर उघडा, एकदाच बदला, त्या फायलीतले चाळीसच्या चाळीस बदलतात. आणि 'एक्सप्लोड' ही कमांड शक्यतो विसरा. ब्लॉक फोडला की तो पुन्हा सुट्या रेघांचा ढीग होतो. मूळ आकृतीशी असलेलं त्याचं नातं तुटतं, आणि ते तुटलंय हे पडद्याकडे बघून कळत नाही. दिसायला सगळं तसंच. माझ्या दोन फ्लँजसारखं.

स्केचपॅडचे जुने फोटो बघितले तर अजून एक गोष्ट दिसते. सदरलँडच्या उजव्या हातात पेन आणि डावा हात बटणांच्या पेटीवर. उजव्या हाताने कुठे, डाव्या हाताने काय. आज ऑटोकॅडचा कुठलाही मुरलेला माणूस बघा, उजवा हात माउसवर आणि डावा कळफलकावर. रिबनवरची चित्रं शोधत माउस फिरवणारा माणूस एकाच हाताने काम करत असतो. म्हणून ती शॉर्टकटची यादी. ती 'अ‍ॅकॅड डॉट पीजीपी' नावाच्या साध्या टेक्स्ट फायलीत असते, आपल्याला हवी तशी बदलता येते. जी अक्षरं डाव्या हाताच्या बोटांखाली येतात, ती सर्वांत जास्त वापरायच्या कमांडना द्या. एवढी एकच टिप त्या मुलाला यादीबरोबर द्यायला हवी होती.

असो. स्केचपॅड प्रयोगशाळेत राहिला. सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरव्हिजनसारख्या कंपन्या कॅडची यंत्रणा विकू लागल्या, पण ती मिनी कॉम्प्युटरसकट घ्यावी लागायची आणि किंमत लाखाच्या घरात, डॉलरमध्ये. विमानं आणि मोटारी बनवणाऱ्यांनाच परवडणारं प्रकरण.

तिथून १९८२ मध्ये येऊ. कॅलिफोर्नियात जॉन वॉकर आणि त्याच्या प्रोग्रामर मित्रांनी मिळून ऑटोडेस्क काढली. एकाच उत्पादनावर भरवसा न ठेवता चार-पाच वेगवेगळी सॉफ्टवेअर करून बघू, चालेल ते चालेल, असा हिशेब होता. 'ऑटोडेस्क' हे त्यातल्याच एका कार्यालयीन कामाच्या प्रोग्रामचं नाव. तो मागेच पडला आणि चाललं ते माइक रिडलच्या 'इंटरॅक्ट' या प्रोग्रामवरून पुढे आलेलं ऑटोकॅड. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगसच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ते मांडलं, आणि किंमत हजार डॉलर. साध्या पीसीवर चालणारं! वॉकर २०२४ मध्ये गेला. कंपनीचं नाव अजून त्या न चाललेल्या प्रोग्रामचंच आहे.

स्वस्त पीसी म्हणजे मंद पीसी. मोठं ड्रॉइंग पुन्हा पडद्यावर उमटेपर्यंत चहा पिऊन यावं, अशी तेव्हाची परिस्थिती. म्हणून नको ते झाकून ठेवायची गरज. लेयरची कल्पना मात्र त्याहून जुनी. बोर्डाच्या काळात वास्तुविशारद पारदर्शक फिल्मवर मजल्याचा नकाशा काढायचे. त्यावर दुसरी फिल्म विजेची, तिसरी नळांची, आणि सगळ्या एकावर एक अचूक बसाव्यात म्हणून कडेला भोकं पाडून पिनांमध्ये अडकवायचे. नकाशा एकदाच, त्यावरची कामं वेगवेगळी. लेयर म्हणजे त्या फिल्म्स. १९९० च्या रिलीज ११ मध्ये आलेला एक्सरेफ ही त्याचीच पुढची पायरी. दुसऱ्याची फाइल आपल्या फायलीत नुसती लावायची, कॉपी नाही करायची. त्याने भिंत सरकवली की आपल्याकडेही सरकते. ब्लॉक एका फायलीपुरता, एक्सरेफ अनेक फायलींचा. माझ्या ३६ ड्रॉइंग्जना खरं तर हाच हवा होता. त्याच रिलीजमध्ये पेपर स्पेस आली, म्हणजे वस्तू खऱ्या मापात एकाच जागी काढायची आणि कागदावर कुठल्या स्केलला दाखवायची ते नंतर ठरवायचं. बोर्डावर आधी स्केल ठरवावी लागायची आणि ती चुकली तर अख्खी शीट वाया, असं बाबा सांगतात.

आणि १९८६ मधलं ऑटोलिस्प. लिस्प ही जॉन मॅकार्थीची १९५८ ची, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी जन्मलेली भाषा. तिचं छोटं रूप ऑटोकॅडमध्ये बसवलं आणि साध्या ड्राफ्ट्समनच्या हातात कंसांनी भरलेली एक प्रोग्रामिंगची भाषा आली. कित्येकांनी आयुष्यात शिकलेली ती एकमेव भाषा. तीच पाच पावलं रोज करतोय, मग ती पाच पावलं लिहून ठेवू आणि एक शब्द टाइप करू. ऑटोकॅड एलटीवाल्यांना मात्र ही सोय २०२४ च्या आवृत्तीपर्यंत मिळाली नव्हती.

आता बाबांच्या हापिसात येऊ. त्यांच्या कारखान्यात पीसी आले १९९६ मध्ये. ड्रॉइंग विभागात अकरा जण होते. साहेबांनी सांगितलं, सहा महिन्यांत शिका. बाबा तेव्हा चौतिशीचे, त्यांनी संध्याकाळचा क्लास लावला. त्यांच्याहून सीनियर एक काका होते, विभागात सर्वांत सुंदर अक्षर त्यांचं. स्टेन्सिलशिवाय लिहायचे तरी छापल्यासारखं. त्यांचा हात माउसवर थरथरायचा. दोन वर्षांनी विभागात चार जण उरले, काका त्यांत नव्हते. बाबा हे सांगताना कधी रडगाणं लावत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात, "साहेबांनी रेघा मारणारे कमी केले ते समजू शकतो. पण चेकर पण काढला रे."

ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात. ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ड बाय. त्यातल्या मधल्या रकान्यातला माणूस काहीच काढत नाही, लाल पेन्सिल घेऊन नुसता बघतो. वेळेचा हिशेब मांडला की हा माणूस पहिल्यांदा डोळ्यांवर येतो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझंच काम. गेल्या वर्षी एका ग्राहकासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. एक्सेलमधली मापं वाचायची आणि ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग्जचा पूर्ण संच काढायचा. ब्लॉक, लेयर, एक्सरेफ, सगळं शिस्तीत. तिकडच्या तिघांना तीन दिवस लागायचे ते वीस मिनिटांत होऊ लागलं. कौतुकाची मेल आली, मॅनेजरने ती सगळ्यांना पाठवली. मी मोठ्या अभिमानाने एक नमुना बाबांना दाखवला. (ते आता निवृत्त. चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बघतात.) रेघांकडे त्यांनी बघितलंच नाही. सरळ उजव्या कोपऱ्यात गेले.

"चेक्ड बायमध्ये ही सही कोणाची?"

"बाबा, ती आद्याक्षरं प्रोग्रामच टाकतो. एक्सेलमधून येतात."

"म्हणजे बघितलं कोणी?"

मला उत्तर देता येईना. कारण कोणीच बघितलं नव्हतं. वीस मिनिटांत काम झालं या आनंदात उरलेल्या तीन दिवसांचं काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं, मीही नाही. ३६ फायलींच्या रात्री दोन फ्लँज हातून सुटले होते. या प्रोग्राममध्ये एक आकडा चुकला तर दोन नाही, सगळेच चुकणार होते, आणि सगळ्यांवर 'तपासलं' अशी सही असणार होती. मूळ षट्कोन बदलला की पूर्ण पट बदलतो, याची ही दुसरी बाजू.

सोमवारी जाऊन ती ओळ काढून टाकली. आता तो रकाना कोरा राहतो. शिवाय आधीच्या आवृत्तीपेक्षा काय काय बदललं त्याची एक यादी प्रोग्राम छापतो, म्हणजे बघणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं. ग्राहकाकडून जरा कुरकुर झाली की आता पुन्हा माणूस लागणार. लागू दे म्हटलं. त्या तिघांपैकी एक बाई आता ते तपासायचं काम करतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक्सेलमध्येच चुकलेलं एक माप पकडलं. बाकीच्या दोघांना दुसऱ्या विभागात घेतलं असं ऐकलं. नक्की कुठे ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तर त्या नवीन मुलाला उद्या पुन्हा बोलावणार आहे. यादी त्याच्याकडे आहेच. त्याला आधी एक ब्लॉक करायला लावणार, मग तो चाळीस ठिकाणी ठेवायला, मग एकदाच बदलायला. आणि मग त्याचा प्रिंट काढून, हातात लाल पेन देऊन, शांतपणे बसवणार. बघतो किती वेळ बसतो ते :-)